एलिव्हेशन कुणासाठी?

पनवेलमध्ये बंगला बांधायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "एलिव्हेशन कसं येईल?" मग थ्रीडी व्ह्यू येतो. निळं आकाश, हिरवीगार लॉन, दारात कुणाची तरी लांबडी गाडी. पाऊस मात्र नसतो! मित्रांनो, पनवेलच्या घराचं चित्र काढायचं आणि त्यात पाऊस नाही, म्हणजे हॉस्टेलवर निबंध लिहायचा आणि मेस वगळायची.

घर रस्त्यावरून कसं दिसतं हे इथे दिवाळीत नाही, ऑगस्टमध्ये ठरतं. नवीन पनवेलात एक चक्कर मारा. खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांतून उतरलेले काळे ओघळ दिसतील, जणू घर रडून बसलंय. दोष रंगाला देतात. खरं तर 'मॉडर्न लुक'साठी छज्जाच उडवलेला असतो. जिथे छज्जा आहे, तिथे त्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच नसते. पाणी पृष्ठताणामुळे छज्ज्याच्या पोटाला चिकटून मागे भिंतीपर्यंत जातं. खाच असली की तिथेच तुटून खाली पडतं. गच्चीच्या कठड्याचंही तेच. माथ्याचा उतार आत गच्चीकडे दिला, की वर साठलेली धूळ दर्शनी भिंतीवर उतरत नाही. खर्च जवळजवळ शून्य. पण थ्रीडीत हे दिसत नाही ना!

दिसतात ते ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे. त्यातल्या स्वस्त पत्र्यांच्या पोटात पॉलिएथिलीन, म्हणजे चक्क जळण. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची आग १४ जून २०१७ च्या रात्री अशाच पत्र्यांवरून वर चढली. ७२ माणसं गेली. दुमजली बंगल्यात धावत बाहेर पडता येतं, मान्य. पण शोभेसाठी भिंतीला जळण चिकटवायचंच कशाला?

कोकणातल्या जुन्या कौलारू घराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे यायची, म्हणून भिंत कोरडी. (ते मंगळुरी कौलही फार प्राचीन नव्हे, १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासूनचं. तेव्हा 'जुनं ते सोनं' म्हणून हे लिहीत नाहीये.) पुढे ओटी. ओटीवरचे आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय, कुठे निघालात?" विचारणार. घर रस्त्याशी बोलायचं.

आता पुरुषभर उंच कंपाउंड, पत्र्याचं बंद गेट आणि वर 'कुत्र्यापासून सावध राहा'ची पाटी. लाखो रुपयांचं एलिव्हेशन दिसणार कुणाला, त्या कुत्र्याला?

सिव्हिलवाल्यांनो, उद्या तुमच्याकडे क्लायंट आला की कंपाउंड कमरेएवढंच काढा आणि गेटपाशी दोघं टेकतील असा कट्टा द्या. कट्ट्याचं माप हॉस्टेलवाल्यांना विचारा, त्यांचा अनुभव दांडगा आहे.