मेंदू आणि चुंबक : विषयांमध्ये भिंत कशाला?

मुलांची विषय निवडण्याची वेळ आली की घरोघरी एकच बोलणे ऐकू येते : जीवशास्त्र घ्यायचे आहे ना, मग पदार्थविज्ञानाशी कशाला झगडायचे? ही भिंत आम्हां शिक्षकांना मुळीच मान्य नाही.

२०२४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक जॉन हॉपफिल्ड व जेफ्री हिंटन यांना कृत्रिम मज्जापेशींच्या जाळ्यांवरील कामाबद्दल मिळाले. 'यात पदार्थविज्ञान कुठले?' असे तेव्हा अनेकांनी विचारले. उत्तर हॉपफिल्ड यांच्या १९८२ च्या निबंधात आहे.

लोहचुंबकातील प्रत्येक अणू हा जणू एक लहानसा चुंबकच असतो. शेजाऱ्यांच्या ओढीने तो वर किंवा खाली तोंड करतो, आणि एकट्यात नसलेला गुण सर्वांच्या मेळातून उत्पन्न होतो. मज्जापेशीही इतर पेशींचे संदेश घेऊन एक तर जागी होते, नाही तर गप्प राहते. हॉपफिल्ड यांनी म्हणून चुंबकाचे गणित पेशींच्या जाळ्याला लावले. या जाळ्यात आठवण एका पेशीत नसते. ती सर्वांच्या जोडण्यांत असते.

ले पूस डोंगराच्या धारेवर पडणारा पाऊस पाहा. उतार थेंबाला मोकाकडे नेतो किंवा पोर्ट लुईसकडे. या जाळ्यातही ऊर्जेच्या अशाच दऱ्या असतात, आणि प्रत्येक आठवण म्हणजे एक दरी. अर्धवट खूण मिळाली की जाळे उतरत उतरत पूर्ण आठवणीपाशी पोचते. पहिला शब्द कानी पडताच आजीला सारी ओवी आठवावी, तसेच हे.

१९८५ मध्ये आमित, गुटफ्रॉइंड व सोम्पोलिन्स्की यांनी पदार्थविज्ञानाच्याच रीतीने या जाळ्याची मर्यादा मोजली. मोठ्या जाळ्यात दर १०० पेशींमागे सुमारे १४ नमुने मावतात. त्याहून अधिक कोंबले तर नवे राहत नाही आणि जुनेही हरवते.

खरा मेंदू याहून कितीतरी गुंतागुंतीचा आहे, हे आम्ही जाणतो. परंतु कोणता तपशील धरावा, कोणता सोडावा आणि हिशेब कसा पडताळावा, ही रीत शिकवते ते पदार्थविज्ञान. ते केवळ तरफ आणि कप्पीचे धडे नव्हेत.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे : मुलीला जीवशास्त्र आवडते म्हणून तिला गणित व पदार्थविज्ञान सोडू देऊ नका. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, मज्जापेशीचा धडा घ्याल त्या दिवशी एक चुंबकही वर्गात न्या.