घरी जाताना सुटलेलं इंजेक्शन

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण आठव्या दिवशी घरी निघतो. डिस्चार्ज कार्डावर पित्ताची गोळी असते, दुखण्यावरची असते, रक्तवाढीची असते, टाके काढायची तारीख असते. वॉर्डात रोज सिस्टर बेंबीच्या बाजूला जे बारीक इंजेक्शन टोचत होत्या, ते मात्र अनेकदा त्या यादीत नसतं. घरचे समजतात, ते इथलं औषध होतं, इथेच संपलं.

ते संपायचं नव्हतं. कॅन्सर रक्त गोठण्याची ओढ वाढवतो, शस्त्रक्रिया त्यात भर घालते, आणि रुग्ण उंबरठा ओलांडून घरात आला म्हणून ही ओढ थांबत नाही. म्हणूनच पोटातल्या वा ओटीपोटातल्या कॅन्सरच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ ठेवणारं औषध चार आठवडे द्यावं, असं तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आधार जुना आहे, 2002 सालच्या एका चाचणीचा. त्यात अशी शस्त्रक्रिया झालेल्या सर्वांना एनॉक्सापॅरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन, सहा ते दहा दिवस दिलं. पुढचे एकवीस दिवस काहींना तेच चालू ठेवलं, काहींना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. मग पायांच्या शिरा तपासल्या. ज्यांचं औषध थांबलं त्यांच्यापैकी 12 टक्क्यांना गुठळी निघाली, ज्यांचं चालू राहिलं त्यांच्यापैकी 4.8 टक्क्यांना. बऱ्याच जणांना काही जाणवतही नव्हतं. ज्यांना जाणवतं त्यांचं काय? इटलीतल्या एका मोठ्या पाहणीत कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतरच्या त्रास देणाऱ्या गुठळ्यांपैकी 40 टक्के एकविसाव्या दिवसानंतरच्या होत्या. तोवर रुग्ण कधीच घरी पोचलेला असतो.

‘आपल्या लोकांना गुठळ्या होत नाहीत’ हे वाक्य अजून ऐकू येतं. पाहिलं कुणी? तिसऱ्या आठवड्यात एक पोटरी सुजते. घरात तेल गरम करून ती चोळली जाते, आणि नेमकं तेच करू नये; गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. चार दिवसांनी न्हाणीघरातून येताना दम लागून माणूस कोसळला, की गावात ‘अटॅक आला’ एवढंच कळतं. शवविच्छेदन कोण करतो?

रक्तस्रावाची भीती खोटी नाही. प्लेटलेट फार खाली असतील, जखम अजून पाझरत असेल, तर थांबावंच लागतं; मूत्रपिंडं नीट चालत नसतील, तर डोस कमी करावा किंवा औषध बदलावं लागतं. पण तो निर्णय असतो. कार्डावरची कोरी जागा हा निर्णय नव्हे.

पैशांचं कारणही पुरत नाही. आयुष्मान भारत योजनेत डिस्चार्जनंतरच्या पंधरा दिवसांचा औषधखर्च धरलेला आहे. आठव्या दिवशी घरी गेलेल्या रुग्णाचे चार आठवड्यांतले उरतात जेमतेम पाच दिवस, आणि योजनेने तेवढे वाढवून द्यायला हवेत. पण जे लिहूनच दिलं नाही, ते मागायचं कुणाकडे?

प्रत्येक अशा कार्डावर एक ओळ सक्तीची करावी: इंजेक्शनचं नाव, डोस, शेवटची तारीख. द्यायचं नसेल तर त्याच ओळीत कारण. आणि रुग्णाला सोडण्याआधी घरच्या एकाला वॉर्डातच, सिस्टरसमोर, ते टोचायला लावावं. सिरिंज भरलेलीच येते. इन्सुलिन टोचणारी माणसं आज गल्लोगल्ली आहेत. हे त्याहून अवघड नाही.