निदान नाही, नुसती घंटा

मिनिटाला १९ लाख. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली आणि उपचार झाले नाहीत, तर सरासरी इतक्या चेतापेशी मरतात, असा हिशेब मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. आज हा आकडा असा झटका हेरणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रत्येकाच्या जिभेवर आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाने व्हिझ डॉट एआय या कंपनीच्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली. स्कॅनमध्ये वाहिनी तुंबल्याचा संशय आला की ते तज्ज्ञाच्या मोबाइलवर सूचना धाडतं. काम चांगलंच आहे. झोपलेला तज्ज्ञ लवकर उठला तर रुग्ण वाचतो. पण बाजारात या जातीच्या सॉफ्टवेअरचा थाट धन्वंतरीचा आणि परवानगीच्या कागदावर हुद्दा द्वारपालाचा! कोणता स्कॅन आधी बघायचा तेवढं सांगा, निदान करू नका, असं तो कागद स्वच्छ बजावतो. मग जाहिरातीत छाती कशाची फुगवता?

आणि पैसे? २०२० मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने याच सॉफ्टवेअरसाठी रुग्णामागे १,०४० डॉलरपर्यंत जादा रक्कम मंजूर केली. घंटा वाजवण्याची बिदागी बरी आहे.

एप्रिल २०२२ मध्ये तर एफडीएला डॉक्टरांनाच पत्र लिहावं लागलं. सूचना आली नाही म्हणजे वाहिनी मोकळी, असं धरू नका. काही सॉफ्टवेअर सगळ्या वाहिन्या तपासतच नाहीत. हे शिकल्यासवरल्या डॉक्टरांना सांगायची वेळ का यावी? कारण रात्री तीन वाजता थकलेल्या निवासी डॉक्टरला मोबाइलचं मौन हाच निकाल वाटतो. मेंदूच्या देठापुढून वर जाणारी बॅसिलर धमनी तुंबली तर माणूस कोमात जाऊ शकतो, आणि ती यंत्राच्या यादीतच नसेल तर यंत्र ढिम्म!

आपल्याकडेही मुंबईच्या क्यूअर एआय कंपनीचं क्यूईआर हे सॉफ्टवेअर डोक्याच्या सीटी स्कॅनवर रक्तस्राव हेरतं. अभिमान जरूर बाळगा. पण आधी स्कॅन तर निघू द्या! रक्तस्राव नाही हे स्कॅनवर पाहूनच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, आणि त्याची मुदत साडेचार तास. ज्या ग्रामीण रुग्णालयात सीटी मशीनच नाही, तिथून पक्षाघाताचा झटका आलेला माणूस जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत ते तास रस्त्यातच सरतात. तिथे अल्गोरिदम कुणाची नाडी बघणार?

माझी मागणी साधी आहे. सूचना नसेल तेव्हा पडदा कोरा ठेवू नका. न तपासलेल्या वाहिन्यांची नावं तिथे ठळक अक्षरांत छापा, जाहिरातीतल्या अक्षरांएवढ्याच मोठ्या.