उसना हुंकार

चित्रपटात कोणी घसरून पडला, की बासून या सुषिरवाद्याचा भसाडा हुंकार ठरलेलाच! कोठे हसावे, हेही प्रेक्षकास वाद्याने शिकवावे काय? संगणकातील तयार सूर हवा तेथे चिकटविणे यास कित्येक ध्वनियोजना म्हणतात. आम्ही आळस म्हणतो. बेथोव्हेनच्या १८०८ च्या 'पास्टोरल' सिंफनीत फ्लूट नाइटिंगेल होतो, ओबो लावा, क्लॅरिनेट कुक्कू, पण केव्हा? ओढ्याकाठचा दीर्घ खंड सरत आल्यावर, इतर वाद्ये गप्प करून, क्षणभरच. तोवर ओढा कानांत भरलेला असतो, म्हणून ती साद भिडते. बिचाऱ्या बासूनला मात्र या मंडळींनी विदूषकच ठरविले! चायकोव्स्कीची सहावी सिंफनी (१८९३) याच वाद्याच्या खोल, शोकाकुल सुराने उघडते. ती त्यांनी कधी ऐकली आहे काय?