दोन टक्क्यांचे पुण्य

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात एखाद्या शाळेच्या नव्या भिंतीवर कारखान्याचे नाव झळकले, की कारखानदार दानशूर ठरतो. वस्तुतः हे दान नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार, आधीच्या वर्षी ५ कोटी रुपये निव्वळ नफा मिळवणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावयाचे असतात.

यातून उद्योगांचाही लाभ होतो. शिकलेली मुले उद्या कुशल कामगार होतात; जमीन गमावलेल्या गावाचा रोष निवळतो. या लाभाला आमची हरकत नाही. हरकत आहे ती उरलेल्या ९८ टक्क्यांबद्दल मौन पाळण्याला. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो. त्यात शहराच्या सांडपाण्याबरोबर कारखान्यांचेही पाणी असते. नदी आधी नासवायची आणि मग काठावर झाडे लावायची, ही जबाबदारी नव्हे.

कामगाराचेही तेच. कायम कामगाराच्या शेजारी तेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला कमी वेतन द्यायचे आणि त्याच्या वस्तीत वाचनालय बांधायचे, हा कसला न्याय?

धनिकाने स्वतःला विश्वस्त मानावे, असे गांधीजी सांगत. विश्वस्ताला ठेवीचा हिशेब द्यावा लागतो. परंतु हा खर्च सुचवणारी समिती संचालकांची असते. तिच्यात कामगाराला वा ग्रामसभेला स्थान देण्याचे बंधन कायद्यात नाही. ते घातले पाहिजे. गावाच्या व कामगाराच्या विश्वासावर उभा असलेला कारखानाच निर्धास्त चालतो. उद्योगाचा टिकाऊ लाभ तोच होय.