बांडगूळ, पडीक आणि आमरी

एखाद्या माणसाला ‘बांडगूळ’ म्हटले की त्याची किंमत संपते. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, असा शिक्का बसला की त्याची बाजू ऐकून घ्यावी असे कुणाला वाटत नाही. माणसांच्या बाबतीत हे आपण रोज पाहतो. पण सातारा-सांगलीच्या डोंगरपट्ट्यात एका देखण्या वनस्पतिकुळाच्या वाट्यालाही हेच नाव आले आहे. ते कूळ म्हणजे रानातली ऑर्किड. मराठीत त्यांना ‘आमरी’ असे गोड नाव आहे, पण ते किती जणांच्या ओठांवर असते?

आंब्याच्या फांदीवर परका हिरवा झुबका दिसला की शेतकरी कोयता उचलतो. बांडगूळ असेल तर ते योग्यच आहे. बांडगूळ फांदीत आपली मुळे खुपसते, तिचा रस ओढते आणि अखेर ती फांदी वाळवते. आमरी मात्र झाडाकडून बसायला जागा घेते, अन्न मागत नाही. तिची जाड, पांढुरकी, सुतळीसारखी मुळे सालीला धरून असतात किंवा हवेत लोंबतात. त्यांवरचे स्पंजासारखे आवरण पावसाचे पाणी शोषून घेते. बांडगुळाला लाकडी फांद्या असतात. आमरीची पाने बहुधा पट्ट्यासारखी आणि जाड असतात, किंवा तिच्या बुडाशी फुगीर गाठी असतात. एवढा फरक पाहायला एक मिनिट पुरते. कोयता त्या मिनिटाची वाट पाहत नाही.

गंमत अशी, की हा घोटाळा भाषेतच मुरलेला आहे. संस्कृतातला ‘वन्दा’ हा शब्द झाडावर वाढणाऱ्या परक्या झाडासाठी आहे. सर विल्यम जोन्स यांनी तो अठराव्या शतकाच्या अखेरीस उचलला, आणि आज जगभरच्या फुलबाजारात ‘व्हँडा’ हे एका मौल्यवान ऑर्किडचे नाव म्हणून मिरवते. आपला शब्द तिकडे प्रतिष्ठित झाला. इकडे ज्या झाडाचे ते नाव, ते मात्र बांडगूळ म्हणून चुलीत जाते.

दुसरे चुकीचे नाव आपल्या सरकारी दप्तरात सापडते. ते म्हणजे ‘पडीक’. सातारा जिल्ह्यातल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर एप्रिलमध्ये उभे राहा. भाजलेला कातळ, मूठभर माती आणि वाळले गवत. ज्याने नोंदवहीत ‘पडीक’ लिहिले त्याला दोष कसा द्यावा? पण त्या मूठभर मातीत आमरीचे कंद झोपलेले असतात. पहिला पाऊस झाला की जमिनीला चिकटून एखादे गोल पान उमटते आणि जून-जुलैत त्यातून पांढरे फूल वर येते. ही झाली एक आमरी. तिचा बहर सरतो तेव्हा दुसरीची पाळी येते. हिची फुले दांड्याच्या एकाच अंगाला ओळीने बसलेली असतात, म्हणून तिला ‘टूथब्रश आमरी’ म्हणतात. कासच्या पठाराला 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 ठिकाणांपैकी एक म्हणून जागतिक वारसा म्हटले. कोयना, चांदोली आणि राधानगरी हीही त्याच यादीत आहेत. कासला मोठे नाव मिळाले आणि ते जपले जाऊ लागले. चाळकेवाडी, वनकुसवडे इथली पठारेही सडेच. तिथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वीज हवीच, याबद्दल तक्रार नाही. पण जी जमीन आधीच ‘पडीक’ ठरली आहे, तिच्यावर काय होते हे विचारायला कोण येणार?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की ओळख आधी आणि रक्षण नंतर. ज्याचे नाव आपल्याला येत नाही, त्याचे जाणे आपल्याला कळतही नाही.

ही ओळख पटवायची कशी? मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत घालवली. तिथे धनादेशावरची सही नमुना सहीशी ताडून पाहावी लागे. नवशिक्या कारकून सहीचा एकूण ‘चेहरा’ पाही. मुरलेला माणूस अक्षराचा झोक, शेवटचा फराटा, टिंबाची जागा पाही. आमरीचेही असेच आहे. पांढरे फूल आणि हिरवा दांडा, एवढ्यावर पाच-सहा जातींचा घोळ होईल. फुलाच्या सहा पाकळ्यांतली एक वेगळी असते, तिला ओठ म्हणतात. तो किती भागांत चिरला आहे ते पाहावे. फुलामागे मधाची नळी असते, तिची लांबी फुलाशी ताडावी. पाने जमिनीलगत आहेत की दांड्यावर चढत गेली आहेत, आणि महिना कोणता, हेही टिपावे. कासवर एक आमरी अशी आहे, की तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘लांब शिंगाची’. ते शिंग म्हणजे हीच मधाची नळी.

या नळीमागे मोठी कथा आहे. मादागास्करच्या एका ऑर्किडची फूटभर नळी पाहून डार्विनने 1862 मध्ये सांगितले, की एवढी लांब सोंड असलेला पतंग तिथे असलाच पाहिजे. त्या पतंगाची शास्त्रीय नोंद 1903 मध्ये झाली, तेव्हा डार्विन जाऊन एकवीस वर्षे झाली होती. नळी मोजणे हा रिकामपणाचा उद्योग नव्हे. तिच्या टोकाशी दुसरा एखादा जीव बांधलेला असतो.

‘हे काम शास्त्रज्ञांचे, आपले नव्हे,’ असे वाटत असेल तर थोडा इतिहास आठवावा. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर डॅल्झेलबरोबर 1861 मध्ये ग्रंथ लिहिणारे गिब्सन पेशाने डॉक्टर होते. 1901 ते 1908 या काळात इलाख्याची थोर वनस्पतिसूची प्रसिद्ध करणारे थिओडोर कुक हे अभियंते. या भागातल्या ऑर्किडांवर कपाडियांसह 1966 मध्ये पुस्तक देणारे सांतापाव हे स्पेनहून आलेले धर्मगुरू. याच दोघांनी एका आमरीला पाचगणीचे नाव दिले. जगाच्या वनस्पतिशास्त्रात पाचगणी त्या नावाने नोंदली गेली आहे. पाचगणीला स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असते?

एक आक्षेप मात्र खरा आहे. ओळख वाढली की हावही वाढते. मोबाईलमध्ये फोटो टाकला की यंत्र क्षणात नाव सांगते आणि त्याबरोबर जागाही जगजाहीर होते. मग कुणी तरी ती आमरी उपटून कुंडीत लावते. इथे एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात कोंबासाठी शिदोरी नसते. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. जंगलातून आणलेले झाड अंगणात बहुधा झुरून मरते, आणि मागे सड्यावर खड्डा उरतो. घरात ऑर्किड हवेच असेल तर बाजारात लागवडीची संकरित रोपे मिळतात, ती खुशाल आणावीत. रानातल्याची ओळख डोळ्यांनी करावी. ओठ समोरून, नळी बाजूने आणि पाने वरून, असे तीन फोटो पुरतात. नाव सगळ्यांना सांगावे, जागा सांगू नये.

सांगलीकर म्हणतील, आमच्याकडे द्राक्षे आणि हळद, आमचा आमरीशी काय संबंध? पण शिराळा तालुक्याच्या माथ्यावर चांदोलीचे रान आहे. तिथून उतरणारी वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते. ज्या ओल्या, जुन्या झाडांवर आमरी बसते, तेच रान त्या नदीचे पाणी धरून ठेवते. आमरी नाहीशी होऊ लागली, तर वरच्या रानाचे काहीतरी बिघडले आहे असे खुशाल समजावे.

आसामात बिहूला मुली केसांत ‘कपौ फूल’ माळतात. त्या राज्याचे ते राज्यपुष्प आहे. तेच फूल आपल्या सह्याद्रीतही पावसाच्या तोंडावर झाडांवरून लोंबते, आणि आपल्या कुणा पूर्वजाने त्याला ‘सीतेची वेणी’ म्हटले होते. ज्याने हे नाव ठेवले, त्याचा कोयता त्या फांदीवर चालला नसेल. आपल्या शाळांतल्या मुलांना अशी दहा नावे जरी आली, तरी पुढच्या पिढीच्या हातातला कोयता क्षणभर थांबेल. एवढे थांबणेही पुष्कळ आहे.