चिखलदऱ्याचा कॉफीमळा

वऱ्हाड म्हटलें कीं काळी जमीन, कपाशी व ज्वारी हींच डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु याच वऱ्हाडाच्या उत्तरेस, अमरावती जिल्ह्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ३,६०० फूट उंचीवर कॉफीची लागवड झाली, हें आमच्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे? अकोल्याचा विद्यार्थी कुर्गची कॉफी भूगोलांत पाठ करतो; चिखलदऱ्याच्या कॉफीचें नांव मात्र त्याच्या कानावर सहलीस गेल्यावरच पडतें.

चिखलदऱ्याचा ‘शोध’ १८२३ सालीं हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सननें लाविला, असें सर्वत्र सांगितलें जातें. या ‘शोध’ शब्दाशींच आमचें भांडण आहे. जवळच्या गाविलगडाचें नांव गवळ्यांवरून पडलें. बहामनी सुलतान अहमदशहानें १४२५ च्या सुमारास तेथें किल्ला बांधविला, असें इतिहास सांगतो. १८०३ च्या डिसेंबरांत आर्थर वेल्स्लीनें तो नागपूरकर भोसल्यांकडून जिंकून घेतला. कोरकूंच्या वस्त्याहि या डोंगरांत पूर्वापार होत्या. तेव्हां रॉबिन्सनला सांपडलें तें गोऱ्या अधिकाऱ्यांस उन्हाळा काढण्याजोगें एक ठिकाण, एवढेंच! १८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. पुढें येथें बंगले उठले, आणि थंड हवा व भरपूर पाऊस पाहून युरोपीयांनीं कॉफी लाविली. मरियमपूर येथें मिशनऱ्यांनींहि मळा केला.

कॉफीचें झाड मोठें नाजूक. त्यास प्रखर ऊन सोसत नाहीं, म्हणून उंच वृक्षांची सावली राखावी लागते. मुळाशीं पाणी सांचून चालत नाहीं. एका फांदीवरचीं फळें एकदम पिकत नाहींत, यास्तव लाल झालेलें तेवढें निवडून हातानें खुडावें लागतें. मग गर काढणें, बीं धुणें, वाळविणें व भाजणें. असा मळा एकट्या साहेबाच्या हौसेवर चालत नसतो; त्यास अनेक हात राबावे लागतात. बंगल्यास मालकाचें नांव मिळतें. खुडणाऱ्या हातांस नांव कोण देतो?

कोणी म्हणेल, परक्यांच्या बंगल्यांचें आम्हांस काय? पडले तर पडोत! हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. दगड वाहिले ते व चुना घोटला तो येथल्याच कष्टकऱ्यांनीं. वास्तु ही धन्याइतकीच मजुराचीहि साक्ष होय. गाविलगडाचा दिल्ली दरवाजा आम्हांस प्रिय आहे तो केवळ सुलतानाकरितां नव्हे. त्यावरील शिल्प कोरणाऱ्या पाथरवटाकरितांहि. मेळघाटच्या पावसांत कौलें एकदां फुटलीं कीं वासे कुजतात, आणि वासे कुजले कीं भिंत ढांसळते. सावलीचीं झाडें गेलीं कीं कॉफीहि फार दिवस टिकत नाहीं. तोफांनीं किल्ला पडतो तेव्हां निदान आवाज तरी होतो. हा नाश मुकाट्यानें होत असतो.

सर्व भार सरकारवर टाकून आम्हीं स्वस्थ बसावें, हें बरें नव्हे. येत्या सहलीस विद्यार्थ्यांनीं फराळाच्या डब्याबरोबर एक फीत व एक वही न्यावी. जुन्या इमारती मोजाव्या, त्यांचीं चित्रें काढावीं, उभीं असलेलीं कॉफीचीं झाडें नोंदवावीं. विशेषतः कोरकू वृद्धांजवळ बसून, त्यांच्या वाडवडिलांनीं काय काम केलें व काय मजुरी घेतली, तें त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें. ती वही शाळेच्या ग्रंथालयांत राहावी, आणि पुढच्या वर्षींच्या विद्यार्थ्यांनीं तींत भर घालावी.